हिवाळी हंसांची छायाचित्रे

हंस हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, पक्षी मात्र नाही. सरस्वतीच्या चित्रात आपण त्याला पाहतो. नळराजाचा निरोप दमयंतीकडे नेणारा हंस कथाकीर्तनातून आपल्या कानांवर आलेला असतो. दूध आणि पाणी वेगळे करण्याची त्याची ख्याती इतकी मोठी, की 'नीरक्षीरविवेक' हा शब्दच त्याच्यामुळे आपल्या भाषेत आला. पण आपल्या महाराष्ट्रातल्या तळ्यांवर खराखुरा पांढराशुभ्र हंस उतरत नाही. उत्तर भारतात कधी काळी एखादा दिसला, तर ती पक्षिनिरीक्षकांत बातमी होते. तेव्हा श्रोतेहो, हंस बघायचे आणि त्यांची छायाचित्रे कशी घेतात, कशासाठी घेतात हे समजून घ्यायचे, तर आज आपल्याला जरा लांब, इंग्लंडच्या पश्चिम भागात जावे लागेल.

तिथे सेव्हर्न नावाची मोठी नदी समुद्राला मिळते. या नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा फरक फार मोठा, जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांमध्ये तिची गणना होते. पाणी ओसरले की मैलोगणती चिखलाची पुळण उघडी पडते, आणि तिच्या अलीकडे सखल, दलदलीची कुरणे लागतात. या कुरणांच्या काठी स्लिमब्रिज नावाचे लहानसे खेडे आहे. अटलांटिक महासागराच्या ऊबदार वाऱ्यांमुळे इथले पाणी हिवाळ्यात सहसा गोठत नाही. जमीन मऊ राहते, गवत हिरवे राहते. उत्तरेकडे बर्फाचे राज्य सुरू झाले, की तिकडचे पाणपक्षी इथे खाली येतात.

या पाहुण्यांत एक लहान चणीचा हंस असतो. त्याला ब्यूइकचा हंस म्हणतात. टॉमस ब्यूइक हा १८२८ मध्ये वारलेला एक लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर. त्याने कोरलेली पक्ष्यांची चित्रे इंग्लंडात घरोघरी पोचली होती. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी विल्यम यारेल या अभ्यासकाने या हंसाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला या चित्रकाराचे नाव दिले. एखाद्या राजाचे किंवा लाटसाहेबाचे नाव न देता पक्ष्यांची चित्रे काढणाऱ्याचे दिले, हे मला फार आवडते. आणि पुढे या हंसाचे नशीब खरोखरच चित्रांशी बांधले गेले. ते कसे, तेच आज सांगायचे आहे.

हा हंस वजनाने पाच-सहा किलोचा. पंख पसरले, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत उंच माणसाएवढा भरतो. त्याचे माहेर रशियाच्या अगदी उत्तरेला, आर्क्टिक समुद्राकाठच्या ओसाड टुंड्रा प्रदेशात. तिथला उन्हाळा औटघटकेचा. मे महिन्यात पोचायचे, घरटे करायचे, तीन ते पाच अंडी घालायची, पिल्ले वाढवायची, आणि सप्टेंबरात बर्फ पडायच्या आत निघायचे. पिल्लांना अंड्यातून बाहेर आल्यापासून सुमारे दीड महिन्यात उडता आलेच पाहिजे, नाही तर ती तिथेच संपली. मग आई, बाप आणि करड्या रंगाची पिल्ले असे कुटुंबच्या कुटुंब श्वेत समुद्र, बाल्टिक, जर्मनी, हॉलंड अशा मजला मारीत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर येते. बापाच्या मागोमाग पिल्ले ही वाट एकदा उडतात आणि ती त्यांना पाठ होते.

आता स्लिमब्रिजची गोष्ट. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटचे नाव शिक्षक मंडळींना माहीत असेल. त्याने बर्फातल्या तंबूतून पत्नीला जे अखेरचे पत्र लिहिले, त्यात मुलाला निसर्गाची गोडी लाव, असे सांगितले होते. तो मुलगा म्हणजे पीटर स्कॉट. तो मोठा होऊन चित्रकार झाला, आणि तरुणपणी कट्टर शिकारीही होता. पाणपक्ष्यांच्या मागे चिखलातून रांगत जाणे, वारा ओळखणे, पहाटेच्या अंधारात तासन् तास निश्चल पडून राहणे, हे सारे तो बंदुकीपायी शिकला. पुढे एकदा गोळी लागलेला एक पक्षी, कुणालाही जाता येणार नाही अशा चिखलात, मरणाची वाट पाहत पडलेला त्याने पाहिला. असे करण्याचा आपल्याला काय अधिकार, हा प्रश्न त्याच्या मनातून जाईना, आणि अखेर त्याने बंदूक सोडली. १९४६ मध्ये त्याने स्लिमब्रिजला पाणपक्ष्यांसाठी एक संस्था स्थापन केली आणि तळ्याकाठीच घर बांधले. चित्रे काढण्याच्या खोलीला त्याने भली मोठी खिडकी ठेवली. खिडकीबाहेर तळे.

१९६४ च्या फेब्रुवारीत या खिडकीसमोर रानातले ब्यूइक हंस उतरले, अगदी चेहरा दिसेल इतके जवळ. स्कॉट चित्रकार होता, त्याची नजर बारकाव्यांची. त्याच्या असे लक्षात आले, की प्रत्येक हंसाची चोच वेगळी आहे. या हंसाची चोच काळी, आणि मुळाशी पिवळी. पण पिवळे कुठे संपते आणि काळे कुठे सुरू होते ती सीमारेषा दोन हंसांत सारखी नाही. कुणाच्या कपाळापासून चोचीवर पिवळा पट्टा सलग उतरतो. कुणाच्या चोचीचा कणाच सरळ काळा असतो आणि पिवळे फक्त दोन बाजूंना. कुणाच्या मधोमध पैशाएवढा पिवळा ठिपका वेगळा उठून दिसतो. शिवाय काळे ठिपके, रेघा, कंगोरे निराळेच. स्कॉट आणि त्याच्या घरच्यांनी प्रत्येकाचे समोरून, डावीकडून आणि उजवीकडून अशी चोचीची चित्रे काढायला सुरुवात केली. घरातल्या शाळकरी मुलीचाही त्यात हात होता. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाला नाव दिले. लॅन्सलॉट नावाचा हंस त्या पहिल्या मंडळींपैकी. तो पुढे वीसहून अधिक हिवाळे त्याच तळ्यावर परत येत राहिला.

यात नवल ते काय, असे एखादा धनगर म्हणेल आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. शहरातल्या माणसाला दोनशे मेंढरांचा कळप म्हणजे दोनशे सारखीच मेंढरे. धनगराला विचारा. ही काळ्या कानाची, ही वाकड्या तोंडाची, हिची आई गेल्या साली ओढ्यात गेली, असे तो एकेकीचे सांगेल. आपल्या घरचा गोठा घ्या. अंधारातसुद्धा पाठीवर हात फिरवून कुठली गाय ते आपण ओळखतो. ओळख ही जवळ राहण्याने आणि रोज बघण्याने येते. स्कॉटने वेगळे केले ते इतकेच, की ही धनगराची नजर त्याने रानातल्या पक्ष्यांना लावली आणि ती कागदावर उतरवून ठेवली. धनगराची ओळख त्याच्याबरोबर जाते. कागदावरची ओळख मागे राहते, आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडते.

आधी हाताने काढलेली चित्रे होती, मग त्यांच्या जोडीला छायाचित्रे आली. काही हंसांच्या पायांत दुर्बिणीतून वाचता येतील अशी अक्षरांची कडी घातली गेली. २०२४ मध्ये या उद्योगाला साठ वर्षे झाली. एकाच जातीच्या पक्ष्याचा इतका दीर्घ आणि एकेकाच्या ओळखीनिशी झालेला अभ्यास जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. हंसांच्या पिढ्याच्या पिढ्या या वहीत आहेत. आजोबा कोण, नात कोण, कुणाचा जोडीदार कोण. हंसांचा जोडा आयुष्यभराचा असतो असे आपण नुसते म्हणतो, स्लिमब्रिजच्या लोकांनी ते मोजून पाहिले. सुमारे चार हजार जोड्यांच्या नोंदींत, दोघेही जिवंत असताना जोडा फुटल्याची उदाहरणे २०१० पर्यंत फक्त दोन. त्या वर्षी सारिंदी आणि सारुनी नावाची जोडी निरनिराळ्या जोडीदारांबरोबर परतली, तेव्हा त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली!

आता कॅमेऱ्याकडे वळू. हंसाचे छायाचित्र घ्यायला गेलेल्या माणसापुढे पहिली अडचण उभी राहते ती त्याच्या पांढऱ्या रंगाची. कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे यंत्र फार साधे असते. समोरचे सारे दृश्य मध्यम उजळ दिसावे, एवढेच त्याला कळते. हिवाळ्यातले काळेशार पाणी चौकटीत पुष्कळ असले आणि हंस मधोमध लहान असला, तर यंत्राला वाटते की अंधार आहे. ते प्रकाश वाढवते, आणि हंस चुना फासल्यासारखा पांढराफट्ट होतो. एकही पीस वेगळे दिसत नाही. उलट चौकट पांढऱ्या पिसांनीच भरली, किंवा मागे धुके आणि बर्फ असले, तर यंत्र प्रकाश कमी करते आणि हंस राखाडी, मळकट निघतो. म्हणून पहिल्या वेळी प्रकाश थोडा कमी करावा, दुसऱ्या वेळी थोडा वाढवावा. यंत्राचे ऐकावे, पण निर्णय आपला घ्यावा. एकदा पिसांचा तपशील करपून गेला, की मागाहून काही केले तरी तो परत येत नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. भर दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि पांढरा रंग सपाट होतो. सकाळचे आणि संध्याकाळचे ऊन तिरपे येते, एकेका पिसाची सावली शेजारच्या पिसावर पडते, आणि पक्ष्याला गोलाई येते. इंग्लंडात डिसेंबरात दिवसच जेमतेम आठ तासांचा आणि सूर्य दिवसभर क्षितिजाजवळ, त्यामुळे हा तिरपा उजेड तिथे दुपारीही मिळतो. मात्र ढग आले की सगळेच मंद होते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, आणि ही बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पाणपक्षी उतरताना आणि उठताना वाऱ्याकडे तोंड करतात. म्हणजे वारा आपल्या पाठीवर असेल, तर उतरणारा हंस आपल्याकडे तोंड करून येतो. वारा तोंडावर घेऊन बसलात, तर दिवसभर हंसांच्या शेपट्यांची चित्रे मिळतील. हंस जड पक्षी, त्याला जागच्या जागी उडता येत नाही. पंख मारीत, पाण्यावर पावले आपटीत तो बराच लांब धावतो आणि मग उचलला जातो. ते पंख स्थिर हवे असतील, तर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी जलद झडप लावावी लागते. एवढा उजेड नसेल, तर उडत्या हंसाचा नाद सोडून स्वस्थ बसलेल्याकडे कॅमेरा वळवावा.

चौथी गोष्ट उंचीची. उभे राहून वरून घेतलेल्या चित्रात पक्षी पाण्याला चिकटलेला दिसतो. कॅमेरा खाली, शक्य तितका पाण्याच्या पातळीजवळ आणला, की आपण हंसाच्या डोळ्याला डोळा देतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, अंतराची. आपल्याला जवळ जायचे असते, हंसाला आपण जवळ आलेले नको असते. सारा तंटा इथेच आहे. स्लिमब्रिजला तो असा सोडवला आहे. पाहणाऱ्यांच्या वाटा बांधाआडून आणि कुंपणाआडून नेल्या आहेत, म्हणजे चालणारा माणूस पक्ष्याला दिसतच नाही. तळ्याकाठी लाकडी आडोसे आहेत, त्यांना लांबट खिडक्या आहेत, आत बाकडी आहेत. आपल्याकडे शेतात माळा असतो तसाच हा प्रकार, फक्त पाखरे हाकलण्याऐवजी त्यांना न हाकलता बघण्यासाठी बांधलेला. संध्याकाळच्या सुमाराला एक राखणदार एकचाकी ढकलगाडीतून धान्य आणतो आणि काठाकाठाने फेकीत जातो. रोज तीच वेळ, तीच वाट, तीच गाडी. त्या एका माणसाची रानातल्या हंसांना सवय झाली आहे. तो आला म्हणून ते घाबरत नाहीत, पण दुसरा कुणी आडोशातून बाहेर आला तर सगळे तळे रिकामे होईल.

यावर कुणी म्हणेल, उडाले तर काय बिघडले? घटकाभराने परत बसतील. तर जरा हिशेब करा. हा पक्षी साडेतीन हजार किलोमीटर उडून आलेला आहे. दिवस आठ तासांचा. तेवढ्यात गवत, मुळे, शेतात पडलेले धान्य, बटाटे खाऊन त्याला थंडी काढायची आहे आणि परतीच्या प्रवासाची चरबीही साठवायची आहे. जड शरीर पाण्यावरून उचलणे हे त्याच्या दिवसभरातले सर्वांत कष्टाचे काम. ते तुम्ही एका चित्रासाठी त्याला दोनदा, चारदा करायला लावले, तर त्याची शिदोरी तुम्ही खाल्ली. आणि अशक्त झालेली मादी टुंड्रावर पोचली, तरी तिच्या पोटी त्या वर्षी अंडी धरणार नाहीत.

हंस उडण्यापूर्वी सांगतो, आपल्याला ऐकता आले पाहिजे. चरत असलेली मान एकदम काठीसारखी ताठ होते. मग एकजण डोके खालीवर करू लागतो, दुसरा करतो, बघता बघता सारे कुटुंब तसे करू लागते, आवाज वाढतात. त्यांचे ते निघायचे ठरते आहे. हे आपल्यामुळे होत असेल, तर छायाचित्रकाराने त्याच पावली थांबावे, किंवा हळूच मागे सरावे. स्कॉटसारख्या शिकाऱ्याचे सगळे गुण छायाचित्रकाराला लागतात. धीर, वाऱ्याची पारख, पक्ष्याच्या सवयींची माहिती. फक्त काम आटोपल्यावर पक्षी होता तिथेच, चरत असला पाहिजे. अलीकडे आकाशातून चित्रे घेणारी ड्रोन नावाची यंत्रे निघाली आहेत. पाणपक्ष्याला डोक्यावर घोंगावणारी वस्तू म्हणजे ससाणाच वाटतो. पाणथळीवर ती वापरू नयेत हे उत्तम.

इतका खटाटोप करून घेतलेल्या चित्राचा उपयोग काय? भिंतीवर लावायला ते छानच दिसते. पण स्लिमब्रिजच्या चित्रांनी त्याहून मोठे काम केले आहे, आणि ते काम दुःखाचे आहे.

वायव्य युरोपात हिवाळा काढणाऱ्या ब्यूइक हंसांची सर्व देशांत मिळून दर पाच वर्षांनी जानेवारीत एकाच वेळी मोजणी होते. १९९५ मध्ये ते २९ हजारांहून अधिक भरले. २०१० मध्ये सुमारे १८ हजार. २०१५ मध्ये आकडा थोडा वर सरकला, आणि २०२० मध्ये सुमारे १३ हजारांवर आला. पंचवीस वर्षांत निम्म्याहून अधिक गेले. स्लिमब्रिजच्या तळ्यावर एकेकाळी शेकड्यांनी दिसणारे हे हंस आता त्या मानाने फार थोडे येतात.

इथे एक प्रश्न उभा राहतो. तळ्यावर जो हंस आला नाही, तो मेला की दुसरीकडे राहिला? अलीकडे हिवाळे सौम्य होत चालले आहेत. पूर्वी जर्मनी आणि हॉलंडमधले पाणी गोठले की हंस इंग्लंडात येत. आता तिकडेच पाणी मोकळे राहते, मग पुढे यायचे कशाला? पुष्कळ हंस वाटेतच थांबतात. म्हणजे एका तळ्यावरची नुसती संख्या पाहून काही कळायचे नाही. पण ज्याची चोच ठाऊक आहे, ज्याच्या पायातले कडे वाचता येते, तो जर्मनीतल्या एखाद्या शेतात दिसला, तर तो जिवंत आहे हे कळते. आणि जो कुठेच, कुणालाच, दोन-तीन हिवाळे दिसला नाही, त्याच्याबद्दल काय समजायचे हेही कळते. करड्या पिल्लांवरून त्या साली किती संतती वाढली ते मोजता येते. साऱ्या देशांची मोजणी आणि एकेका पक्ष्याची ओळख या दोन्ही एकत्र ठेवल्या, तेव्हाच नक्की झाले की हंस नुसते जागा बदलत नाहीत, ते खरोखरच कमी होत आहेत.

कारणे एकाहून अधिक आहेत. दलदली बुजवल्या गेल्या. विजेच्या तारांवर आदळून हंस मरतात. पाण्याच्या तळाशी साचलेले शिशाचे छर्रे खड्यांबरोबर गिळले जातात आणि त्यांची विषबाधा होते. आणि शिकार. हा हंस मारण्याला त्याच्या साऱ्या वाटेवर कायद्याने बंदी आहे. तरीही अभ्यासकांनी पकडून क्ष-किरणांखाली पाहिलेल्या जिवंत हंसांपैकी सुमारे तिघांत एकाच्या अंगात बंदुकीचे छर्रे सापडले. ज्यांना गोळी वर्मी लागली, ते या हिशेबात नाहीतच. आता विचार करा. कळपातला एक गेला, तर कळपाला कळते, माणसाला कळत नाही. पण ज्याचे चित्र वहीत आहे, ज्याचे नाव आपण ठेवले आहे, जो दर नोव्हेंबरात बायकोपोरांसह येत होता, तो आला नाही, तर माणसाला चुकल्यासारखे होते. आणि मग माणूस विचारतो, का आला नाही? ते विचारणे सुरू झाले, म्हणून बंदुकवाल्यांशी बोलणी सुरू झाली, तारांवर खुणा लावल्या गेल्या, देशादेशांत मिळून या हंसासाठी योजना झाली. छायाचित्राने हंस वाचला, असे मी म्हणणार नाही. तो अजून वाचायचा आहे. पण तो चालला आहे, हे छायाचित्रांनी वेळेवर सांगितले.

श्रोतेहो, हे सगळे परदेशातले झाले, आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे. स्लिमब्रिजच्या तळ्यावर हंसांच्या शेजारी जे थापट्या नि तलवार बदक हिवाळा काढतात, त्याच जातींचे पक्षी हिवाळ्यात आपल्या नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यातल्या नांदूर मधमेश्वरला उतरतात. त्यांची वाट मात्र वेगळी, ती मध्य आशियावरून येते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बांधलेल्या बंधाऱ्यात गाळ साचत गेला, त्यातून ही पाणथळ तयार झाली. पाणथळींच्या रक्षणासाठी १९७१ मध्ये इराणातल्या रामसर गावी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या तयारीत स्लिमब्रिजच्या मंडळींचा मोठा वाटा होता. २०२० मध्ये त्याच कराराच्या यादीत महाराष्ट्रातली पहिली जागा म्हणून नांदूर मधमेश्वरचे नाव जाहीर झाले.

आणि आपल्याकडे हंस नसला, तरी त्याचा भाऊबंद आहे. पट्टकादंब, काही लोक त्याला राजहंस म्हणतात. डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे असतात. तो तिबेट, मंगोलिया, लडाखकडून हिमालय ओलांडून येतो. मंगोलियात गळ्यात क्रमांकाची पट्टी घातलेले पट्टकादंब भारतातल्या तळ्यांवर छायाचित्रांतून ओळखले गेले आहेत. कुणीतरी काठावर बसून एक स्पष्ट चित्र घेतले, क्रमांक वाचला, आणि हा पक्षी कुठून आला ते कळले. ते चित्र घेणारा फार मोठा कलावंत असण्याची गरज नव्हती.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी एक सूचना आहे. तुमच्या गावाला पाझर तलाव असेल, बंधाऱ्याचे पाणी असेल, नुसते गावतळे असेल. दिवाळीपासून होळीपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी, पाच-सात मुलांना घेऊन तिथे जा. झाडाच्या किंवा बांधाच्या आडोशाला बसा. पांढरे-लाल कपडे नकोत, बोलणे नको, दगड मारणे तर नकोच. हल्ली खेड्यापाड्यांतून चित्र घेणारा फोन पुष्कळांच्या खिशात असतो. त्याने फार दूरचा पक्षी मोठा दिसणार नाही, पण किती थवे आहेत, पाणी कुठवर आहे, गाळपेर कुठे झाली आहे, हे नक्की दिसेल. दर वेळी एकाच जागेवरून, एकाच दिशेने चित्र घ्या. ज्या मुलाचा हात चांगला आहे, त्याला एका पक्ष्याची चोच आणि डोके वहीत काढू द्या. चित्र काढताना नजर जितकी बारीक होते, तितकी ती दुसऱ्या कशाने होत नाही. आणि प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, तळ्याचे नाव आणि पक्ष्यांची संख्या लिहा. संख्या अंदाजाने असेल, तर 'अंदाजे' असेही लिहा. तारीख नसलेले चित्र म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. ते कुठेच पोचत नाही.

पहिल्या वर्षी या वहीतून काही फारसे कळणार नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी मात्र एखादी मुलगी वही चाळून म्हणेल, 'गुरुजी, चक्रवाक यंदा आलेच नाहीत की!' त्या दिवशी आपल्या गावच्या तळ्याला कुणीतरी विचारणारे माणूस मिळाले, असे समजा. मग पाणी का आटले, काठाची झुडपे कुणी तोडली, जाळी कुणी लावली, हे प्रश्न आपोआप पुढे येतील, आणि त्यांची उत्तरे गावालाच द्यावी लागतील.

पक्षी हजारो किलोमीटर उडून आपल्या पाण्यावर येतात, ते आपल्या परवानगीने येत नाहीत आणि आपल्यासाठीही येत नाहीत. चार महिने त्यांना निवांत चरू द्यावे, आणि परत जाताना ते किती होते याची नोंद आपल्याजवळ असावी, एवढे पाहुणचाराचे काम आपल्याकडे आहे. यंदाच्या हिवाळ्यात एका तळ्यापासून त्याला सुरुवात करू या.